हाराचा फोटो

सातव्या फोटोतही ताराकाकींचे डोळे मिटलेलेच होते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मेल्यावर मिटायचेच हायत रं. फोटूत तरी उघडे दाव."

लोधिवलीच्या ताराकाकींना हाराचा फोटो हवा होता. म्हणजे आपण गेल्यावर भिंतीवर लागणारा, पण आत्ताच, स्वतः पसंत केलेला. काकांचा ऐनवेळी जुन्या ओळखपत्रावरून मोठा केला होता. त्यात नाकावर शिक्का आला होता.

चौकला माझा स्टुडिओ आहे. एवढी वर्षं चेहरेच टिपतोय, आणि एका म्हातारीचे डोळे उघडे मिळेनात. मला फार लाज वाटली. तिचा काय दोष? माझ्या नेहमीच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा खाटकन उचलला जातो. तो आवाज आता येणार, या धास्तीनं काकी आधीच डोळे मिटायच्या. आणि नेमक्या त्या क्षणी आरशामुळे मलाही काही दिसत नाही.

मग मी स्टुडिओच्या कपाटातला रेंजफाइंडर आणला. रोलचा जुना कॅमेरा. यात आरसा नाही, आवाज जेमतेम. लेन्समधून नाही, वरच्या छोट्या खिडकीतून बघायचं. मधल्या चौकोनात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोन्ही चित्रं एकावर एक आणली की फोकस झाला.

"काय करतोस रं एवढा?"

"काकी, तुम्ही दोन दिसताय. एक करतोय."

"हिला एक झेपत नाय, तू दोन बघतोस!"

'ही' म्हणजे सून, मनीषा. ती दारात हसली. काकीही हसल्या, डोक्यावरचा पदर घसरला. मी बटण दाबलं. त्यांना कळलंच नाही.

"झाला का?"

"नाही, अजून फोकस करतोय."

हे खोटं होतं. अख्खा रोल मी हेच खोटं बोलत राहिलो. शेवटी मनाला बोचलं म्हणून "रेडी" म्हटलं. काकींनी पदर सावरला, मान ताठ केली, श्वास रोखला आणि डोळे घट्ट मिटले. तोही काढला.

रोल मुंबईला धुवायला गेला. रोलमध्ये लगेच काही दिसत नाही, त्यामुळे पश्चात्तापाला भरपूर वेळ मिळतो. मरणानंतरचा फोटो माणसानं आपणहून द्यायचा असतो. मी तो चोरला होता. प्रिंट घेऊन गेलो ते पाकीट उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "काकी, मी न सांगता काढले. चुकलं माझं."

काकींनी हसरा फोटो उचलला. डोळे उघडे, पदर खांद्यावर, पुढचा दात नाही.

"आई, हाराच्या फोटोत कोण असं हसतं?" मनीषा म्हणाली.

"सगली रडायलाच येतील गं. एकानं तरी हसाया नको?" मग माझ्याकडे वळून, "आन् चोरूनच काढायचा व्हता, तर तो शेवटचा रेडी म्हणून कशाला रं? मान धरली ना माजी!"

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला "रेडी" म्हणत नाही. फ्रेम काकींच्या कपाटात, साड्यांखाली आहे. तिकडून जाताना मी विचारतो, "काकी, फोटो ठीक आहे ना?"

"फोटू रेडी हाय रं," काकी ओट्यावरून ओरडतात. "मीच नाय."