प्रमिलाताईंचे बोंबील आणि परदेशी रील

"मॅडम, त्या रीलमदली बाय मी हाय! आनि मी जे बोललेच न्हाय, ते बोलतेय!"

फोनवर प्रमिलाताई ओरडत होत्या. चौलजवळच्या कोळीवाड्यात त्यांचं बोंबलाचं वाळवण आहे. मच्छीमार बायकांच्या सोसायटीच्या त्या अध्यक्ष. मी अलिबागच्या एका लोकल न्यूज पेजची एडिटर. आणि ते रील सकाळी मीच टाकलं होतं.

ते आलं होतं एका परदेशी एजन्सीकडून. मराठीत डब केलेलं, तयार, फुकट. ही एजन्सी म्हणजे स्टेट मीडिया. तिथलं सरकारच ती चालवतं, आणि त्या देशात सरकारविरुद्ध बोललेला माणूस तुरुंगात जातो. त्यांचं चॅनल इथे कोण लावणार? म्हणून ते आमच्यासारखी छोटी पेजं गाठतात. आमच्या नावाने गेलं की लोकांना वाटतं, आपल्याच माणसाने सांगितलंय. हे सगळं मला माहीत होतं. पण मासळी, ऊन, हसरी बाई, यात कसलं आलंय राजकारण, म्हणून मी डोळे झाकून पोस्ट केलं.

रीलमध्ये ती बाई अगदी शुद्ध मराठीत सांगत होती, "आमचे नेते सगळं देतात. आम्हाला संघटनेची गरजच नाही." खालच्या पट्टीत त्या देशातल्या एका किनाऱ्याचं नाव होतं.

"सोसायटीच्या बाया दारात उब्या हायेत," प्रमिलाताई म्हणाल्या. "इचारतान, संघटना नको असं कॅमेऱ्यासमोर कदी बोललीस? सांजच्याला मीटिंग हाय. काडून टाकतील मला."

मी रील पुन्हा पाहिलं. बोंबील जोडीने, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगलेले. लहानपणापासून हेच बघत आणि खात आले, आणि तरी मला ते परक्या देशातलं वाटलं! स्वतःचा असा राग आला की समोरचा चहा तसाच राहिला.

"हे शूटिंग कुणी केलं?"

"गेल्या वर्सी एक गोरी बाय आलेली. फिरायला."

मी रिव्हर्स सर्च केला. म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र नेटवर टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधायचं. अर्ध्या तासात त्या बाईचा जुना ट्रॅव्हल व्हिडिओ सापडला. तेच वाळवण, त्याच हिरव्या बांगड्या. त्यात प्रमिलाताई एवढंच म्हणत होत्या, "हात नको लावू, ओले हायेत."

आमचे मालक नरेशभाऊ मूळचे ट्रकच्या धंद्यातले. फुकट ते पौष्टिक, हे त्यांचं धोरण.

"गुपचूप डिलीट मार ना. आपली चूक आपणच कशाला सांगायची?"

"डिलीट केलं तर प्रमिलाताई मीटिंगमध्ये काय दाखवणार?"

"आणि एजन्सीने रोजचे व्हिडिओ बंद केले तर?"

"करू देत. नाहीतर माझा राजीनामा घ्या, भाऊ."

भाऊंनी डोकं खाजवलं. "आई माझी प्रमिलाकडूनच बोंबील न्यायची," ते म्हणाले. "जा. लाईव्ह कर."

संध्याकाळची मीटिंग वाळवणावरच भरली. मी लाईव्ह सुरू करून आधी माझी चूक सांगितली, मग दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी दाखवले. प्रमिलाताईंनी बोंबलाची जोडी कॅमेऱ्यासमोर धरली.

"ह्यो जबडा ह्या जबड्यात. ही आमची रीत. त्या नेत्याला सांगा, येऊन एक जोडी लावून दाखव! आनि संघटना? ती बगा, माज्या मागं उबी हाय."

मागच्या बायका खो खो हसल्या. अध्यक्ष त्याच राहिल्या, एकही हात विरोधात वर झाला नाही.

आमचं लाईव्ह त्या रीलपेक्षा लांब पोचलं. दुसऱ्या दिवशी एजन्सीने रील काढलं आणि आमचे फुकटचे व्हिडिओही बंद केले. मला आनंदच झाला. मग इंग्रजीत एक कमेंट आली. त्या देशातून बाहेर पडलेल्या एका मुलीची. "आमच्या मासे विकणाऱ्या बायकांची संघटना सरकारने मोडली. माझी आई त्यात होती. हे खोटं आहे, असं तिथे कुणालाच म्हणता येत नाही. तुमच्या बाईंनी म्हटलं."

मी ती फोनवर प्रमिलाताईंना मराठीत वाचून दाखवली.

"तिला सांग, आयेला घेऊन इकडं ये," त्या म्हणाल्या. "आमच्या सोसायटीत जागा हाय."

मी जसंच्या तसं उत्तर टाकलं. आता आमच्या ऑफिसात एक नियम आहे. परदेशी रीलमध्ये मासा दिसला, की आधी तो प्रमिलाताईंना दाखवायचा.