गट कोमोला, गाईड सिटीवेस्टला

विजयालक्ष्मीला रस्ता विचारायची चूक माणसाने एकदाच करावी. टालाच्या हॉस्पिटलला कसं जायचं एवढंच तुम्ही विचारलंत, तरी ती बेलगार्डला लुआस, म्हणजे इथली ट्राम, बदला हे सांगते, कुठल्या दारातून उतरलं की कमी चालावं लागतं ते सांगते, वाटेत स्वच्छ टॉयलेट कुठे आहे ते सांगते, आणि तुम्ही आभार मानून वळलात की मागून हाक मारून छत्री घेतली का म्हणून विचारते. तुम्ही छत्री घेतलेली नसते. मग ती छत्री आणायला घरात जाते आणि तुमची लुआस जाते.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. इथे, आयर्लंडमधल्या सिटीवेस्टमध्ये, आमची घरं इतकी सारखी आहेत की माझा नवरा एकदा तिच्या दाराला किल्ली लावून झगडत होता. तिने आतून दार उघडलं आणि तेवढ्यात त्याला आमच्या दारापर्यंतचा रस्ताही समजावून सांगितला. बाई मूळची सांगलीची. लग्न करून नितेशच्या मागोमाग इथे आली. नितेश आयटीत, नागपूरचा, शांत. घरात दोघांनी बोलायची गरज नाही हे त्याने फार लवकर ओळखलं होतं. विजूने इथे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, मुलांच्या श्लोकांचा वर्ग काढला, पण तिचा जीव कशातच रमला नाही. तिला माणसांना कुठेतरी न्यायचं असे.

दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये ती आणि नितेश इटलीला, कोमोच्या तळ्याला जाणार होते. तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट. आम्ही भेट मिळाली की फोटो काढतो, हिने अभ्यास काढला. वारेन्ना, बेलाज्जो, मेनाज्जो ही तळ्याकाठची गावं तिने नकाशावर एवढी पाठ केली की आपल्या गावातल्या गल्ल्या सांगाव्यात तशी सांगायची. आणि मग इटलीतल्या करोनाच्या बातम्या यायला लागल्या, विमानं बंद झाली आणि आम्हा सगळ्यांना घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी झाली. पाच किलोमीटरमध्ये काय, आमची घरं, एक गोल्फचं मैदान आणि वारा.

त्या दिवसांत मराठी मंडळाचे कार्यक्रम झूमवर व्हायचे. कोणीतरी गाणं म्हणायचं आणि बाकीचे आपापल्या घरात भाजी चिरायचे. एका शनिवारी विजू म्हणाली, मी तुम्हाला फिरवून आणते. तिने कॉम्प्युटरवर रस्त्यांची चित्रं लावली आणि तळ्याकाठच्या गावांतून सगळ्यांना फिरवलं. इथे वळा, इथे पायरी उंच आहे, इथे कॉफी उभ्याने प्यायची, बसलात की महाग. भाजी चिरणं थांबलं. शेवटी मंडळातल्या प्रभाताईंनी विचारलं, "विजया, तुम्ही कधी गेला होतात गं?" आणि नेमकं तेव्हाच हिचं इंटरनेट अडकलं. स्क्रीनवर ती तोंड उघडं ठेवून गोठली. ती परत हलायला लागली तोवर लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं की दोन हजार एकोणीसला गेले असणार. पुढचा प्रश्न बोटीच्या वेळांचा आला. तिने त्याचं उत्तर दिलं.

एवढंच झालं. खोटं ती बोलली नाही, खरं सांगायचं राहिलं. पण पुढे दर शनिवारी ते राहतच गेलं आणि मोठं होत गेलं. हे फक्त नितेशला आणि मला माहीत होतं. "कळलं ना लोकांना, तर मला कोणी दुधाच्या दुकानाचा रस्तासुद्धा विचारणार नाही," असं ती मला म्हणाली होती. हसत म्हणाली, पण मी तिचा चेहरा पाहिला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला या देशात तिचं म्हणून काहीतरी मिळालं होतं.

एकवीसच्या उन्हाळ्यात लस झाली, प्रवास उघडला आणि लोकांनी तिला घेरलं. आता खरं चला. छोटा गट, एका दिवसात तीन गावं, गाईड तुम्हीच. तिने सगळं ठरवलं. शुक्रवारी मिलानला मुक्काम, शनिवारी सकाळच्या गाडीने वारेन्ना, तिथून बोटीने बेलाज्जो, मग मेनाज्जो, रात्री परत. गटात पद्माकर, त्यांची बायको प्रभाताई, त्यांची मुलगी पूर्वा, नितेश, आणि ॲथलोनहून येणारं एक नवं जोडपं, जे एकमेकांचे फोटो काढण्यापलीकडे काही करत नसे.

या सगळ्यांकडे आयरिश पासपोर्ट. विजूकडे भारतीय. तिचा नागरिकत्वाचा अर्ज करोनात अडकलेला, आणि आयर्लंडमध्ये राहता म्हणून इटली तुम्हाला आत घेत नाही, वेगळा व्हिसा लागतो. व्हिसाच्या भेटीची तारीख मिळाली ती सहलीच्या नंतरची. माझी गतही तीच. फरक एवढाच की मी कोणाची गाईड नव्हते.

पद्माकर म्हणाले, मग सहल पुढे ढकलू. ते ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि कुठल्याही गोष्टीचं लेखी कन्फर्मेशन मिळाल्याशिवाय जेवत नाहीत. विजू म्हणाली, "भाऊजी, सहल होणार. मी फोनवरून नेईन. नितेशच्या गळ्यात स्पीकर अडकवते. आणि मला काय, मी एकदा पाहिलेलंच आहे." शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं तेव्हा मी तिच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

शनिवारी सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात हजर झाले. बाहेर पाऊस. टेबलावर लॅपटॉप, त्यावर नकाशा, शेजारी चहा. विजूने साडी नेसली होती. फोनवरून कोण बघणार आहे, असं मी विचारलं. "गाईड आहे मी," ती म्हणाली. माझ्याकडे सहायकाचं पद होतं, म्हणजे चहा, आणि दुपारच्या जेवणाचा कुकर.

वारेन्नापर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. गाडीत डावीकडे बसा, असं तिने सांगितलं होतं. तळं खरंच डावीकडे आलं. स्टेशनातून उतरताना कुठली वाट घ्यायची, चर्चच्या मागे थंड पाण्याचा नळ कुठे आहे, सगळं बरोबर. पद्माकर दर दहा मिनिटांनी "कन्फर्म्ड" म्हणत होते. विजूच्या गालांवर रंग चढला होता. ती बसून बोलतच नव्हती. ओट्यापासून फ्रीजपर्यंत चालत बोलत होती आणि वळायला सांगताना स्वतः वळत होती.

धक्क्यावर बेलाज्जोची बोट यायला वेळ होता. प्रभाताईंनी तेवढ्यात डबे उघडले. दशम्या, चटणी, चिवडा. तिकीटवाल्या माणसालासुद्धा त्यांनी चिवडा दिला. तो नको म्हणाला, पण प्रभाताईंच्या हातून नको म्हणून कोणी सुटलेलं मी तरी पाहिलेलं नाही. इकडे विजू सूचना देत होती, "निवांत खा. बोट आली की शिट्टी होईल. शिट्टी झाली की मात्र एक क्षण थांबू नका, इथल्या बोटी कोणासाठी थांबत नाहीत."

आणि माझ्या कुकरने शिट्टी दिली.

साधीसुधी नाही, डाळीची, लांबलचक. फोन ओट्यावर, कुकरच्या शेजारी. विजूने चमकून कुकरकडे पाहिलं, मी विजूकडे, आणि स्पीकरमधून पद्माकरांचा आवाज आला, "शिट्टी झाली! चला, चला, चला!" शिट्टी ऐकल्यावर ती कोणी वाजवली हे बघायला मराठी माणूस थांबत नाही, आधी धावतो. लहानपणी एस्टीने केलेले ते संस्कार आहेत. डबे बंद होण्याचे आवाज, प्रभाताईंची "अगं झाकण, झाकण" अशी हाक, पूर्वाचं "मम, लीव्ह इट, इट्स ग्रँड!", लोखंडी फळीवर धडधड पावलं. विजू ओरडत होती, "अरे थांबा, तो माझा कुकर आहे!" पण तेव्हा स्पीकर नितेशच्या जॅकेटच्या आत गेला होता आणि तळ्यावर इंजिनाचा आवाज सुरू झाला होता.

"बसलो," बऱ्याच वेळाने नितेश म्हणाला. "समोरच उभी होती बोट."

विजूने माझ्याकडे पाहिलं. मी गॅस बंद केला. जी समोर होती ती बेलाज्जोचीच असेल, असं मी म्हणाले. आता दुसरं काय म्हणणार?

बोट लागली. विजूने घसा साफ करून बेलाज्जो सुरू केलं. "उतरलात की समोर कमानी दिसतील. त्यांच्यामधून दगडी पायऱ्यांची अरुंद गल्ली वर जाते. दोन्ही बाजूंना रेशमी कापडाची दुकानं."

"पायऱ्या नाहीत, वहिनी," पद्माकर म्हणाले.

"जरा पुढे जा."

"पुढे चौक आहे. मोठा, सपाट चौक. नॉट कन्फर्म्ड."

"उजवीकडे बघा."

"उजवीकडे हॉटेल आहे. डावीकडे झाडं. गल्ली कुठेच नाही." मग त्यांचा आवाज बदलला. नवीन माणसाच्या कामात चूक सापडली की ऑफिसात बदलत असेल तसा. "एक मिनिट. मी व्हिडिओ लावतो. तुम्ही तर येऊन गेलाय ना इथे? बघून सांगा, हे कुठलं गाव."

फोनच्या स्क्रीनवर आधी पद्माकरांची हनुवटी आली, मग आकाश, मग एक चौक, पिवळ्या-गुलाबी भिंती, खुर्च्या, आणि मागे निळं, लखलखतं काहीतरी. मी लॅपटॉपवर मेनाज्जोचा चौक शोधून काढला. जुळत होता. मी विजूच्या समोर तो सरकवला, बोटाने नाव दाखवलं. फक्त वाचायचं होतं. मेनाज्जो म्हण, बोट चुकली म्हण, सुटशील. मी तोंडाने आवाज न करता तीनदा म्हटलं.

तिने लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. ती फोनमधलं ते निळं बघत राहिली. दीड वर्ष ज्याची जुनी, थिजलेली चित्रं तिने पाहिली होती, ते हलत होतं.

"वहिनी? ऐकू येतंय का? कुठलं गाव?"

"मला माहीत नाही," विजू म्हणाली. "भाऊजी, मी कधी आलेच नाहीये तिथे. आमची सहल रद्द झाली होती. जे काही सांगितलं ते सगळं या टेबलावरून सांगितलं. लोकांना वाटलं मी जाऊन आले आणि मी वाटू दिलं. बोटीची शिट्टीही नव्हती ती, आमच्या कुकरची होती."

तिकडचं इंटरनेट अडकलं असेल अशी मला आशा वाटली, पण मागे एक कुत्रा व्यवस्थित चालत गेला. ॲथलोनच्या जोडप्यानेसुद्धा फोटो काढणं थांबवलं होतं. विजू सरळ उभी होती, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशी. मला रडू येत होतं आणि पद्माकरांचा राग येत होता, खरं तर त्यांनी अजून काही केलं नव्हतं.

"म्हणजे," पद्माकर सावकाश म्हणाले, "इतके सगळे शनिवार..."

"अगंबाई!" प्रभाताईंचा आवाज त्यांच्यावरून गेला. "म्हणजे तिने अजून पाहिलंच नाही? अहो, मग तो फोन असा काय धरलाय? बिचारीला तुमचं नाक दिसतंय नुसतं. आणा इकडे!"

फोन त्यांच्या हातात गेला. प्रभाताईंनी पाहुणीला पाटावर बसवून वाढावं तसं तळं वाढायला घेतलं. "हे बघ, हे पाणी. नीट दिसतंय? जवळ नेते. अजून बघ, लाजू नकोस. तो पलीकडचा डोंगर बघितलास? थोडा बघ ना अजून, माझ्यासाठी बघ. पूर्वा, मावशीला ती बदकं दाखव." पूर्वा काठावर वाकली आणि पाण्यात हात घालून खळबळ केली. "इट्स फ्रीझिंग, मावशी!" पुढे नितेश आला. बोटीत बसल्याचं सांगण्यापलीकडे तो दिवसभर काही बोलला नव्हता. त्याने फोन घेतला, काठाकाठाने अगदी सावकाश चालला आणि काहीही न बोलता तिला सगळं दाखवलं. विजू खुर्चीवर बसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात येत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

पद्माकर फोनच्या मागे मागे चालत होते. स्क्रीनवर ऊन पडत होतं म्हणून त्यांनी स्वतःची टोपी त्यावर आडवी धरली होती. बऱ्याच वेळाने ते खाकरले.

"बरं, वहिनी. मेनाज्जो आहे हे. पाटी वाचली. आता इथून कुठे जायचं?"

विजूने नाक ओढलं, लॅपटॉप मिटला आणि बाजूला सारला.

"मला काय विचारता, भाऊजी?" ती म्हणाली. "मी पहिल्यांदाच आलेय."