खड्डे राखणारे आमचे साडू

अख्ख्या पुण्यात चांगला रस्ता बघून ज्याच्या पोटात गोळा येतो असा माणूस एकच, आणि तो साडू म्हणून आमच्या वाट्याला आला आहे. बाकीचं शहर खड्ड्यांच्या नावानं बोटं मोडतं, खड्ड्यात झाड लावून फोटो काढतं. आमचे साडू खड्डा दिसला की गाडी थांबवतात, खाली उतरतात, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघतात आणि "काय खोली हाय!" म्हणतात. एकदा आम्ही सगळे नटूनथटून लग्नाला निघालो होतो, मुहूर्त जवळ आलेला, तर हे कात्रजच्या पुढं उतरून एका खड्ड्यात काठी घालून बसले. माझी बायको म्हणजे त्यांच्या बायकोची थोरली बहीण. ती तशी कुणाला बोलत नाही, पण त्या दिवशी खिडकीतून म्हणाली, "अहो, आपण नवरी बघायला निघालोय का खड्डा?" साडूंनी काठी पुसली आणि म्हणाले, "नवरी काय, तिथंच बसलेली असणार. हा खड्डा उद्या बुजवतील."

त्यांचा धंदाच तसा आहे. बिबवेवाडीत त्यांच्या बापजाद्यांची शेती होती, तिच्यावर आता लोकांच्या गॅलऱ्या आहेत. उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड टाकून साडू जुन्या जीपगाड्या विकतात. साध्या नव्हेत, मिलिटरीच्या थाटाच्या. हिरव्या, मातकट, चारी चाकांना ताकद असलेल्या, मागं पाण्याचे डबे टांगलेले, अंगाला फावडं बांधलेलं आणि बॉनेटच्या कडेनं टपापर्यंत गेलेलं एक नळकांडं. गाडी नदीत शिरली तर इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून ते नळकांडं. खराडीच्या एका गिऱ्हाइकाला मी विचारलं, की बाबा, ऑफिसला जाताना नदी लागते खरी, पण तिच्यावर पूल आहे ना? तर तो माझ्याशी बोलेनासा झाला. शौकीन माणसाला असलं विचारू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. चौथीपर्यंत तो धडा नव्हता. मी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला. चिखलात जायचं काम पडलं की जायचं आणि घरी येऊन पाय धुवायचे एवढंच मला माहीत. चिखलात जायला हौस लागते, त्याला वेगळे बूट लागतात आणि परत आल्यावर पाय न धुता फोटो काढायचा असतो, हे मी साडूंच्या शेडमध्ये बसून म्हातारपणी शिकलो.

साडू स्वतःही हिरव्या ठिपक्यांची पँट घालतात. लष्कराशी त्यांचा संबंध म्हणाल तर कॅम्पात कापड घ्यायला जायचे तेवढाच. पण खोटं बोलणार नाहीत. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसलेली पोरं शनिवारी येतात, टायरला लाथ मारतात आणि विचारतात, "काका, ही प्रॉपर एक्स-आर्मी आहे ना?" साडू सांगतात, "गाडीनं सांगितलं नाय, मी विचारलं नाय." पोरांच्या अंगावर काटा येतो. त्यांना वाटतं, काहीतरी गुप्त कामगिरी असणार, सांगायला बंदी असणार. मग साडू स्पष्टच सांगतात, की ही गाडी कर्वेनगरच्या एका दातांच्या डॉक्टरची, ते हिच्यातून भाजी आणायचे, बाईसाहेबांना साडी नेसून चढता येईना म्हणून विकली. तर पोरं एकमेकांना डोळा मारतात आणि म्हणतात, "कळलं काका, कळलं." खरं सांगून माल इतक्या चढ्या भावानं विकणारा दुसरा व्यापारी मी पाहिला नाही.

पण गाडीचा खरा सौदा व्हायचा तो शेडसमोरच्या गल्लीत. ही गल्ली लांब आणि एका टोकाला बंद. कधीकाळी कुणी पाण्याच्या लाइनीसाठी खोदली, ती बुजवायच्या आधी दुसऱ्यानं केबलसाठी खोदली, त्याला खोदताना तिसऱ्याचा ड्रेनेजचा पाइप लागला, म्हणून तिसरा आला. दुसरा कुणी असता तर घर विकून गेला असता. साडूंनी पाटी लावली, "ट्रायल जागेवरच मिळेल." खड्ड्यांना त्यांनी घाटांची नावं दिली. पहिला ताम्हिणी, मधला वरंध, आणि शेवटचा, ज्यात पावसाळ्यात बेडूक राहायला यायचे, तो कुंभार्ली. गिऱ्हाईक स्टिअरिंगला, साडू शेजारी, आणि तोंडातून एकच शब्द, "धरा." जीप ताम्हिणीत तोंड घालायची, वरंधात कुल्ला टेकायची आणि कुंभार्लीतून वर आली की आतला साहेब लहान पोरासारखा ओरडत असायचा. त्या ओरडण्यावरच सौदा ठरायचा. सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी साडू खड्ड्यांवरून एक फेरी मारायचे. एखाद्या भल्या शेजाऱ्यानं रात्री विटांचे तुकडे टाकून खड्डा भरलेला दिसला, की घमेलं घेऊन ते गाळ काढायला बसायचे. विहिरीचा गाळ काढणारे मी पाहिलेत, मी स्वतः काढलाय, पण खड्ड्याचा गाळ काढणारा माणूस हा एवढाच.

ह्या सगळ्याला घरातून विरोध होता, आणि तो साधासुधा नव्हता. शकू, म्हणजे माझी मेहुणी, साडूंची बायको, तिचे गुडघे गेलेले. रिक्षावाला गल्लीचं तोंड बघूनच मान हलवायचा. गॅसचा सिलिंडर कोपऱ्यावर, पाहुणे कोपऱ्यावर, आणि तिची भाजीची पिशवी हातात. "दाजी," ती मला म्हणायची, "ह्यांच्या गाड्या कुठंबी जातात म्हणं. मला फकस्त मंडईत जायचंय." साडू आतून ओरडायचे, "जीपमधनं सोडतो म्हटलं तर बसत नाहीस." "त्यात बसल्यावर मंडईत काय आणायला आलो तेच आठवत नाय," शकू म्हणायची. मी दोघांच्या भांडणात कधी पडलो नाही. चहा त्या दोघांच्याच घरी मिळायचा, तो कशाला घालवू?

मग एक दिवस बातमी आली, की गल्ली डांबरी होणार. शकूनं आळीत पेढे वाटले. साडूंनी तो पेढा हातात घेतला आणि हातातच ठेवला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका आभार मानायला महापालिकेच्या ऑफिसात गेल्या, तर त्यांच्या पुढं रांगेत आमचे साडू उभे. तक्रार घेऊन. "साहेब, खड्डे हायत म्हणून गल्लीत कोण जोरात गाडी चालवत नाय. रस्ता केलात तर पोरं चिरडतील." साहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडं बघितलं. "आजोबा, इतकी वर्षं ह्या खुर्चीवर बसतोय. रस्ता नको म्हणून आलेले आपण पहिलेच. बसा, चहा घ्या." साडूंना वाटलं आपलं पटलं. साहेबांनी फक्त चहा पाजला. मागं उभी असलेली शकू म्हणाली, "साहेब, ह्यांना साखर कमी घाला. घरी गोडाचं चालत नाय त्यांना आजकाल."

खडी आली, डांबराची पिंपं आली, रोलर आला. त्या पहाटे साडूंनी शेडमधल्या सगळ्या जीपगाड्या काढून गल्लीच्या तोंडाशी आडव्या लावल्या. कामावरच्या मुकादमानं विचारलं, "काका, हे काय?" साडू म्हणाले, "बंद पडल्यात." "सगळ्या?" "मिलिटरीच्या गाड्या हायत. एक थांबली की सगळ्या थांबतात." मुकादम पक्का पुण्याचा. तो म्हणाला, "असू द्या. त्यांना हुकूम सुटेपर्यंत आपण थांबू. उद्यापर्यंत सुटला नाही तर आमची माणसं दुसऱ्या कामावर जातील. मग तुमच्या गल्लीचा नंबर तुमच्या नातवांना विचारा." म्हणजे आजचा दिवस. गाड्या हलल्या नाहीत तर रस्ता गेला. हलल्या तर धंदा गेला. शकू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं भाजीची पिशवी उचलली आणि मंडईला निघाली. ती भांडत नाही तेव्हा साडूंना भीती वाटते, पण त्या दिवशी ती भीतीसुद्धा ते गिळून बसले.

दुपारी शकू भाजी घेऊन परत येत होती. आडव्या जीपमधून वाट काढून आत आली, आणि वरंधाच्या कडेला सुटी खडी पडलेली, तिच्यावर पाय सरकला. मी शेडमध्येच बसलो होतो. पिशवी पडल्याचा आवाज आला, मग वांगी घरंगळत आली, आणि मग शकूचा आवाज. पाय मांडीत मोडला होता, हे मला बघताक्षणी कळलं. अँब्युलन्सला फोन लावला तर तिकडून उत्तर, "त्या गल्लीत? आमची गाडी खाली टेकते. पेशंटला मेन रोडवर आणा." साडू पळत जाऊन एक जीप मागं घेऊन आले. आम्ही तिला मागच्या बाकड्यावर निजवलं, पाय मी माझ्या मांडीवर धरला.

ती गल्ली साडूंनी हजार वेळा हसत पार केली असेल. त्या दिवशी ते बैलगाडीहून हळू चालले होते. कुठला खड्डा कुठून उतरतो, कुठं चढतो, सगळं त्यांच्या बोटांना पाठ, तरी प्रत्येक कडेला जीप थांबायची. चाक खाली गेलं की शकूचा श्वास अडकायचा आणि पुढं बसलेल्या ह्या माणसाची मान खाली जायची. "झालं, झालं," म्हणायचे, आणि झालेलं नसायचं. एकदा फार जोरात कळ आली तेव्हा ती दात आवळून म्हणाली, "आज धरा म्हणत नाय का गिऱ्हाइकाला?"  आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. तो मी लिहीत नाही. मला तेवढं लिहिता येतही नाही.

दवाखान्यात तिला आत नेल्यावर साडू बाकड्यावर बसलेच नाहीत. मला म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही थांबा इथं, मी आलो." संध्याकाळी परत आले तेव्हा पँट धुळीनं माखलेली. बंद पडलेल्या सगळ्या गाड्या एका तासात सुरू झाल्या होत्या आणि शेडमध्ये गेल्या होत्या. मुकादम मला नंतर म्हणाला, की काका आले, एकेक गाडी आत नेली, आणि शेवटी म्हणाले, "उद्या मधल्या खड्ड्यापासून सुरुवात करा." एवढंच.

आता गल्ली अशी झाली आहे, की ताटात जेवण्यापेक्षा तिथं जेवावं. शौकीन अजून येतात, पण कमी. ट्रायलला जीप टोकापर्यंत जाते, वळते, परत येते, आणि पोरगा खाली उतरून म्हणतो, "काका, आवाज फार करते हो. आणि सीट पण हार्ड आहे." साडू म्हणतात, "आहे हार्ड." वाद घालत नाहीत. शेडमधल्या काही गाड्यांच्या बॉनेटवर आता मांजरं झोपतात, आणि साडू त्यांना उठवत नाहीत.

संध्याकाळी शकूला चालायला सांगितलंय. एका हातात काठी, दुसरा हात साडूंच्या हातात. सपाट रस्त्यावरून चालताना साडू तिला मध्येच उजवीकडं घेतात, मध्येच डावीकडं. ती वैतागते. "अहो, काय हाय तिथं आता?" "कुठं काय," ते म्हणतात आणि तरीही वळसा घालतात. परवा मी शेडच्या दारात बसून बघत होतो. अर्ध्या वाटेत शकूनं त्यांचा हात सोडला. म्हणाली, "थांबा हितंच. मी जाते एकटी." आणि गेली, हळूहळू, काठी टेकत, थेट गल्लीच्या टोकापर्यंत. साडू जागेवर उभे होते. हात तसाच पुढं धरलेला, रिकामा. ती परत यायला वळली तेव्हा मी मान फिरवली, त्यांना डोळे पुसता यावेत म्हणून.