ओट्मारच्या अठरा जाती आणि गेर्लिंडेचा कोंबडा

ओट्मार वाइगेल्टला पक्ष्यांची आवड होती असं म्हणणं म्हणजे टोळांना शेतीची आवड असते असं म्हणण्यासारखं आहे. त्याला आवड होती ती नव्या जातीची. नवी जात दारात उतरली की हा गृहस्थ दोन महिने हवेत तरंगे. मग पक्षी आजारी पडत, अंडी वांझ निघत, आणि तोवर ओट्मारचा डोळा तिसऱ्याच कुठल्या तरी जातीवर गेलेला असे. अडतीस वर्षांत अशा अठरा जाती झाल्या. खुराडी आणि ढाबळ अडतीस वर्षं साफ केली ती त्याच्या बायकोने, गेर्लिंडेने.

आधी आल्या जपानी बुटक्या कोंबड्या. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी अशी जोडी लावली, तर चारातलं एक पिल्लू कवचातच मरतं. हे नीडरग्रुंडच्या पक्षीपालक मंडळात शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. ओट्मारला ठाऊक नव्हतं. मेलेली अंडी बघून तो बायकोवरच खेकसला, "उबवणीच्या यंत्रात पाणी घालायला विसरली असशील तू!" मग आली छाती फुगवणारी कबुतरं. त्यांना त्याने हौसेने इतकं चारलं की एकाची अन्नाची पिशवी पोटाखाली लोंबायला लागली. गेर्लिंडेने ते कबूतर नवऱ्याच्याच जुन्या मोज्यात उभं घालून खुंटीला टांगलं आणि वाचवलं. त्या दिवशी ओट्मार मंडळात बसून 'कबूतर ओळखायला नजर लागते' या विषयावर तोंडाची वाफ दवडत होता. आखूड चोचीची कबुतरं आली, त्यांना स्वतःची पिल्लं भरवता येत नाहीत. गेर्लिंडेने त्यांची अंडी साध्या गावठी कबुतरांखाली सरकवली. पिल्लं मोठी झाली आणि बक्षीस ओट्मारला मिळालं. हवेत कोलांट्या मारणारी लोटण कबुतरं तर त्याने ससाण्याच्या हंगामात सोडली. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

सहा वर्षांपूर्वी पिसवाल्या पायांच्या बुटक्या कोंबड्या आल्या. त्यांच्या पायांना पंख्यासारखी पिसं असतात, आणि एक जरी मोडलं तरी प्रदर्शनात पक्ष्याची किंमत शून्य. वर्षभरात ओट्मार कंटाळला.

"पायाला झाडू बांधलेल्या कोंबड्या आहेत नुसत्या. काढून टाक, मला जागा पाहिजे."

"नाही," गेर्लिंडे म्हणाली. "ह्या राहतील."

"मग तूच बघ त्यांच्याकडे."

"आजवर कोण बघत होतं?"

तिने खुराड्यात कोरडी वाळू पसरली. पावसात पक्षी बाहेर सोडले नाहीत. कोमट पाण्याने त्यांचे पाय धुतले. दर वसंतात नेमक्या दिवशी पिल्लांच्या पायात नोंदणीची कडी घातली, कारण दोन दिवस उशीर झाला की कडं चढतच नाही. पण कडी मंडळाकडून यायची ती ओट्मारच्या नावाने, आणि प्रदर्शनाचा अर्जही जायचा त्याच्याच नावाने. अर्जावर नवराबायकोची दोन्ही नावं घालता येतात. अर्धं गाव घालतं. गेर्लिंडेने तीनदा विचारलं, तीनदा ओट्मार हसला. एका तरी कोंबड्याखाली आपलं नाव असावं एवढंच तिला हवं होतं, आणि एवढंही न देणाऱ्या माणसाबरोबर आपण अडतीस वर्षं काढली याची तिला भयंकर चीड येई.

यंदाचा कोंबडा मात्र सहा वर्षांच्या कष्टांचं फळ होता. तो हातचा गेला तर पुढच्या वसंताची पिल्लंही गेली.

नोव्हेंबरातल्या प्रदर्शनाच्या दिवशी गेर्लिंडे सकाळी सहालाच सभागृहाच्या स्वयंपाकघरात आली. कॉफी आणि आलुबुखाराचे केक हे मंडळातल्या बायकांचं काम. परीक्षण आदल्या दिवशीच बंद दाराआड झालं होतं. छापून आलेली यादी आठला वाटली गेली, तशी तिने हात पुसून पानं उलटली. पिंजरा दोनशे सतरा. सत्त्याण्णव गुण, सर्वोत्कृष्ट, निळी फीत. मालक, ओट्मार वाइगेल्ट. शेवटच्या रकान्यात, विक्रीची किंमत, पंचवीस युरो.

तो रकाना कोरा ठेवला तर पक्षी विकायचा नाही असा अर्थ. आकडा घातला की जो पहिला येईल त्याचा पक्षी, मालकाला नाही म्हणता येत नाही. सोमवारी ओट्मारची नवी जात, मलेशियाच्या मुठीएवढ्या कोंबड्या, येणार होती, म्हणून जागा करायला या दीडशहाण्याने पक्षी बघितलाही नव्हता आणि आकडा ठोकून दिला होता.

नऊ वाजायच्या जरा आधी स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेजारच्या गावचा झिगमार यादीवर बोट ठेवून उभा होता. त्याच्यामागे पंधरावीस पुरुष.

"गेर्लिंडे, कॉफी दे पटकन. नऊला विक्रीचं टेबल उघडलं की धावायचंय."

"दोनशे सतरा?"

"तुझ्या नवऱ्याला वेड लागलंय का गं? पंचवीस युरो!"

"पाच मिनिटं थांब. यंत्र तापतंय."

यंत्राची वायर भिंतीत खुपसलेलीसुद्धा नव्हती. कॉफी पोटात गेल्याशिवाय या भागातला पुरुष रांगेत उभा राहत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती ॲप्रनसकट मागच्या दाराने निघाली आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली. नऊच्या ठोक्याला टेबलामागच्या वाल्ट्राउटने पावतीपुस्तक उघडलं.

"अगं, हा तर तुमचाच कोंबडा!"

"ओट्मारचा आहे. कागदावर बघ."

"मग विकत कशाला घेतेस?"

"माझा व्हावा म्हणून."

वाल्ट्राउटने पैसे मोजून घेतले. पावतीवर लिहिलं, खरेदीदार, गेर्लिंडे वाइगेल्ट. गेर्लिंडेने ते दोनदा वाचलं.

ओट्मार दहाला उगवला, कोटाला मंडळाचं पदक लावून. निळी फीत बघून तो असा फुलला की त्या छातीफुगव्या कबुतरांनी मान खाली घालावी. भोवती माणसं जमली. कॉफी उशिरा मिळाल्याने तापलेल्या झिगमारने विचारलं, "काय रे, पायाची पिसं मोडली कशी नाहीत?"

"पेंढा!" ओट्मार म्हणाला. "जाड पेंढा, सढळ हाताने."

कुणीतरी फिस्कन हसलं. पेंढ्यात ती पिसं आठवड्यात मोडतात. झिगमारने यादीतला किमतीचा रकाना त्याच्या नाकासमोर धरला. ओट्मारचा चेहरा उतरला. तो विक्रीच्या टेबलाकडे धावला, आणि तिथून धापा टाकत स्वयंपाकघरात.

"वेडी का काय तू? आपलाच कोंबडा आपणच विकत घ्यायचा?"

"आपला नव्हता. तुझा होता. तू विकायला काढलास, मी घेतला."

"बरं बरं. घरातच राहिला ना, झालं तर मग. वसंतात त्याच्या जोडीची अंडी झिगमारला देऊ, मी तसं कबूलही..."

"कुणाची अंडी?"

केक कापणाऱ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या.

"फीत तुझी आहे, ओट्मार, ती लाव छातीवर," गेर्लिंडे म्हणाली. "कोंबडा माझा. पुढच्या वर्षीचा अर्ज मी भरणार, आणि त्यावर नाव एकच असेल."

ओट्मारने इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "आणि सोमवारी माझ्या कोंबड्या येतायत, त्यांचं कोण बघणार?"

"तू."

खुराडं साफ करायचं फावडं घरात कुठे ठेवलेलं असतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर सगळ्यांना स्पष्ट दिसलं.