कानाचा पंच, नाकाचा पंच

माझे वडील धारूरला सोनारकाम करत. पण दुकान त्यांचं नव्हतं. दुसऱ्याच्या पेढीवर बसून ते दागिने घडवायचे. मी पाच-सहा वर्षांचा असताना त्यांच्या डोळ्यांत पडदा आला. बारीक काम दिसेना. मालकानं त्यांना काढलं नाही, पण घडवायची जागा दुसऱ्या कारागिराला दिली आणि वडिलांना दिव्यापुढं फुंकायला बसवलं. ज्या माणसाच्या हातच्या नथी आसपासच्या गावांत ओळखू यायच्या, तो दुसऱ्याच्या कामाला फुंकर घालू लागला. आई काळी पोत गाठवून द्यायची. दोघांच्या कष्टावर सकाळी भाकरी व्हायची. संध्याकाळचं काही सांगता यायचं नाही.

फुंकायचं काम बाहेरून सोपं दिसतं. वाकडी पितळी नळी तोंडात धरायची, दिव्याची ज्योत दागिन्याच्या सांध्यावर वळवायची आणि सांधा जोडणारा डाख वितळून बसेपर्यंत ती हलू द्यायची नाही. श्वासासाठी थांबलात की ज्योत मागं सरते आणि डाख गोळा होऊन निसटतो. म्हणून सोनार गालात वारा भरून ठेवतो. गाल नळीत वारा ढकलतात, तेवढ्यात नाक आत श्वास घेतं. वडिलांनी मला हे वाटीभर पाण्यात गव्हाची काडी बुडवून शिकवलं. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली. आठव्या वर्षी माझे बुडबुडे थांबायचे बंद झाले. मग मीही दुकानात फुंकायला बसू लागलो, आणि त्यातून सुटलेल्या वेळात शाळेत जाऊ लागलो.

पुढं बीडच्या सरकारी शाळेत गेलो. निजामाचं राज्य, सगळं शिक्षण उर्दूत. घरी उर्दूचं अक्षर कुणाला येत नव्हतं. तिथल्या ड्रिल मास्तरांनी मला हाताशी धरलं. ते पलटणीतून आलेले, मिशीला पीळ, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं आपोआप ताठ व्हायची. त्यांनीच माझी फी माफ करून घेतली. मॅट्रिक झालो, औरंगाबादेला इंटर झालो. तिथं एका सोनाराकडं सकाळी फुंकायचं आणि त्याच्याच घरी जेवायचं, अशी दोन वर्षं काढली. आता बी.ए.साठी हैदराबादला जायचं होतं. तिथं गरीब विद्यार्थ्यांचं एक बोर्डिंग होतं. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी एक मुलगा घेत. त्याच्यासाठी चालचलनाचं पत्र लागे. पत्र मास्तरांनी लिहायचं आणि त्याखाली बीडच्या एका वकिलांनी सही करायची, असं ठरलं होतं. ते पत्र गेलं तर मी बी.ए. होणार होतो. नाही गेलं तर धारूरचं दुकान होतंच.

त्या उन्हाळ्यात मी पत्रासाठी बीडला थांबलो असताना बिंदुसरा नदीच्या कोरड्या पात्रात हुतुतूचा सामना झाला. सुट्टीत आलेली कॉलेजची पोरं विरुद्ध गावची पोरं, असा तो दरवर्षीच व्हायचा. पंच ड्रिल मास्तर. दोन्हीकडून माणूस लोटायचा. नेकनूरकडचे लोक बैलगाड्या सोडून तिथंच वाळूत बसायचे.

शेवटच्या डावाला आमचे दोन गडी उरले होते, गावचे चार. मी चढाईला गेलो. एकाला शिवलो आणि वळलो, तेवढ्यात चौघांनी मला पाडलं. दोघं पायांवर, दोघं पाठीवर. तोंड वाळूत. राखेनं आखलेली मधली रेघ दोन हातांवर. मी हुतुतू म्हणत राहिलो आणि बोटाबोटानं सरकत राहिलो. मास्तर वाकून माझ्या तोंडाशी कान लावून होते. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. लोक म्हणतात, लई वेळ गेला. शेवटी माझा हात रेघेला लागला. मास्तरांनी शिट्टी फुंकली आणि चारी गडी बाद दिले. सामना आमचा झाला.

तिथूनच सगळं सुरू झालं.

आताच्या बसस्टँडच्या जागी तेव्हा एक चहाचं हॉटेल होतं. संध्याकाळी तिथं सगळ्या जातीजमातीची माणसं बसत. पुढं टरबुजांचा ढीग लावून एक बागवान बसायचा. तो गावच्या पोरांचा कैवारी. आणि नेकनूरचा एक गाडीवान रोज बाजारात माल टाकून तिथं टेकायचा. तो का कुणास ठाऊक, कॉलेजवाल्यांचा.

"दम तुटला होता बे," बागवान म्हणाला. "सरळ तुटला होता."

"तू कान कुठं ठिवलता? टरबुजात?"

"कानाचं न्हाई सांगत. डोळ्यांनी बघितलं. नाकपुड्या अशा फुगल्या, घोड्यावानी. नाकाम्होरची वाळू हालली."

"चार जण पाठीवर बसल्यावर तुझं काय काय फुगंल ते बघू का एकदा?"

हॉटेल हसलं. बागवान हसला नाही.

"आवाज बंद पडला का? एवढंच सांग," गाडीवान म्हणाला.

"न्हाई पडला. पातळ झाला."

"पातळ झाला तर झाला! ताक हाय का त्ये? आवाज हाय तवर दम हाय."

"कावून? आवाज चालू ठिवून वरून नाकानं वारं वढलं, तर मग मी बी इथून औरंगाबादपर्यंत हुतुतू करत जाईन की!"

"जा की. तेवढंच आमाला गप बसून चहा पिता यील."

हे रोज चाललं. पहिले तीन-चार दिवस मला मजा वाटली. दुरून कुणीतरी ओरडायचं, "ये, बिनश्वासाच्या!" आणि मी छाती पुढं काढून चालायचो. मला विचारलं, तेव्हा मी भर हॉटेलात गळ्यावर हात ठेवून सांगितलं, "मी श्वास घेतला नाही." माझ्या मनात जराही शंका नव्हती.

मग एक दिवस बागवानाच्या तोंडून निघून गेलं, "पोरगा मास्तरांचा. फी मास्तरांनी माफ केलेली. मग निकाल कुणाच्या बाजूनं जाईल?"

यावर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी हॉटेलाकडं येणं सोडलं.

मी वकिलांकडं पत्राचं विचारायला गेलो. ते आपल्या बैठकीत पंख्याची दोरी पायाला बांधून स्वतःच वारा घेत बसले होते. त्यांनाही खेळाचा नाद होता. त्या सामन्याला ते खुर्ची टाकून बसले होते.

"सही करायला माझी ना नाही," ते म्हणाले. "पण पत्र कुणाचं? मास्तरांचं. आणि मास्तर तुझ्या बाजूनं बोलतात असं गावात बोललं जातंय. उद्या बोर्डिंगवाल्यांच्या कानावर गेलं, तर ते पुढं आपल्या जिल्ह्याचा मुलगाच घ्यायचे नाहीत. आधी हे मिटू दे."

"कसं मिटायचं, वकीलसाहेब?"

"ते मला माहीत नाही. पंधरा दिवस आहेत."

मी धारूरला गेलो. घाट चढून घरी पोहोचलो तेव्हा वडील अंगणात बसले होते. मी सगळं सांगितलं. मास्तरांवर खोटा आळ घेतला म्हणून बागवानाला चार शिव्याही दिल्या. वडील ऐकून घेत होते. मग त्यांना हसू यायला लागलं.

"वाळू हालली म्हणला?"

"हो. काहीतरी बडबडतो तो."

"आत जा, कापूस आण थोडा."

मी आणला. त्यांनी बोटांनी चाचपून त्याचा एक बारीक तंतू काढला, थुंकी लावून माझ्या नाकाखाली डकवला आणि म्हणाले, "आता म्हण तुझं हुतुतू. मी म्हणंस्तोवर थांबू नको."

मी म्हणायला लागलो. बराच वेळ म्हटलं. मला वाटत होतं, एकाच दमात चाललोय, छातीत अजून खूप आहे. आणि एकदम तो कापूस सर्रकन नाकात गेला, मला अशी शिंक आली की आई चुलीपासून बाहेर आली.

"आधी दोन बारी हालला होता," वडील म्हणाले. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटाला कळत होतं. माझ्या नाकाखाली बोट धरून ते बसले होते. "तुला समजलं का?"

"नाही."

"मला बी समजत न्हाई. पाण्याच्या वाटीवर शिकलेलं नाक हाय ते, पोरा. ते आपल्याला इचारत न्हाई. गालात वारा हाय तवर जीभ तुतु करती, अन् नाक आपलं काम करून घेतं."

म्हणजे बागवान खरा होता. मी श्वास घेतला होता. आणि गळ्यावर हात ठेवून घेतला नाही म्हणून सांगितलं होतं.

मी वडिलांना विचारलं, "आता काय करू?"

ते म्हणाले, "मला कावून इचारतोस? शाळा तू शिकलास."

त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. पण मला रात्रभर पुरलं. सांगितलं तर खोटी शपथ घेणारा मुलगा म्हणून माझं पत्र बुडालंच. नाही सांगितलं तर थोड्या दिवसांत लोक थकतील, वकील सही करतील, मी हैदराबादला जाईन. मास्तर मात्र हॉटेलापुढून मान खाली घालून जात राहतील. ज्यांनी माझी फी माफ केली त्यांच्या मानेवर पाय देऊन मला पदवी नको होती. हे मी आज लिहायला मोठं वाटावं म्हणून लिहीत नाही. असं वाटल्याचा तेव्हा मला रागच आला होता.

परत निघालो. नेकनूरला तोच गाडीवान भेटला, त्यानं गाडीत घेतलं. वाटेत मी त्याला सांगून टाकलं. त्यानं बैल थांबवले.

"गप बस की मग! कुणाला काय माहीत हाय?"

"मला आहे."

"आरं, मी पंधरा दिस भांडलो त्या टरबूजवाल्याशी. घसा बसला माझा. आता कोणत्या तोंडानं चहा पिऊ?"

पुढं बीड येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. बैलांशी मात्र बोलत होता, आणि ते सगळं मला उद्देशूनच होतं.

मी आधी मास्तरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून बुटांना तेल लावत होते. मी सांगितलं. त्यांनी बूट खाली ठेवला.

"इधर आ. मेरे कान के पास बैठ के बोल."

त्यांनी डोळे मिटले. मी हुतुतू म्हणत राहिलो. मध्ये नाकाचं काम झालं, आता माझं लक्ष होतं, मला ते कळलं. त्यांना नाही कळलं. त्यांनी डोळे उघडले.

"टूटा?"

"दोनदा, मास्तरसाहेब."

मास्तर उठले, बूट चढवले, फेटा बांधला. "चल," म्हणाले.

हॉटेलात वकीलही होते. मास्तर आत आले तसे सगळे सावरून बसले. मी उभा राहून सांगितलं, घरच्या कापसासकट सगळं सांगितलं. मग वकिलांनी मला समोर बसवलं, नाकाखाली कापूस डकवून हुतुतू म्हणायला लावलं; तोंडाशी एका बाजूनं कान लावून मास्तर, दुसऱ्या बाजूनं गाडीवान, आणि नाकापाशी बागवान. गाडीवानाला आवाजात काही सापडलं नाही. बागवान मात्र कापूस हलला की मांडीवर थाप मारायचा, "एक! ... दोन!" जणू त्याच्या घरी लग्न होतं.

मास्तर म्हणाले, "मेरे कानां को जो सुनाई दिया, वोच मैं बोला. उस दिन बी, आज बी. मगर कान से पूरी बात पकड में नहीं आती. मैं निकाल वापस लेता हूँ."

बागवान उठला. पगडी काढून त्यानं हातात धरली. "मास्तरसाहेब, नाकाचं मी खरं बोललो. बाकीचं माझं तोंड घाण हाय."

मास्तरांनी त्याला चहा सांगितला.

वकील माझ्याकडं वळले. "गळ्यावर हात ठेवला होतास."

"ठेवला होता. मला तेव्हा तेच खरं वाटत होतं. खरं नव्हतं."

"सामना हरलास."

"हो."

"आणि पत्र?"

मी जायला उठलो. ते म्हणाले, "साक्ष फिरवणारे मी रोज बघतो. सगळे आपल्या बाजूला फिरवतात." आणि त्यांनी हॉटेलातच दौत मागवली. हॉटेलवाल्याकडं दौत नव्हती, ती समोरच्या हकिमाकडून आणली. मास्तरांनी पत्र लिहिलं, वकिलांनी खाली सही केली.

वाद त्यानंही मिटला नाही. सामना गावचा धरायचा की डाव पुन्हा खेळायचा, यावर गाडीवान आणि बागवान पुढचे दोन महिने भांडले म्हणे. गाडीवानाचं म्हणणं, नाक देवानं दिलंय, ते बांधून ठेवायचा नियम दाखवा. पुढच्या उन्हाळ्यापासून बीडच्या सामन्याला दोन पंच उभे राहू लागले, एक कानाचा आणि एक नाकाचा. कानाचे मास्तर. नाकाचा बागवान. चढाईवाला पडला की बागवान त्याच्यापुढं वाळूत पालथा पडायचा, आणि लोक खेळापेक्षा त्यालाच बघायचे. सोनारांच्या पोरांना घ्यायचं की नाही यावरही एकदा बैठक झाली, घ्यायचं ठरलं.

मी हैदराबादला गेलो. बोर्डिंगात दोन वर्षं राहिलो, दोन्ही वेळ पोटभर जेवलो आणि एकदाही नापास न होता बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी आहे.