आक्कानं ठेवलेलं नाव

माझ्या मुलीला दोन नावं आहेत. दोन्ही मी इथं लिहिणार नाही. एक माझ्या बहिणीचं आहे, ते लिहायचा हक्क मला उरलेला नाही. दुसरं मी ठेवलं, आणि त्याची मला लाज वाटते.

आम्ही बौद्ध. आजोबांपासून. आडनाव मात्र गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. माझं नावही तसंच, कुठल्याही घरात खपून जाणारं. गेवराईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो तेव्हा भाड्यानं वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घरमालकीण काकूंनी खोल्या दाखवताना आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाल्या, “बरं झालं, आपल्यातलेच भेटले.” मी काही बोललो नाही. खोटं बोललो नाही, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. त्या न बोलण्यावर आम्ही नऊ वर्षं त्या घरात राहिलो. आमच्या प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर ज्या दोन तसबिरी असतात, त्या आमच्याकडं आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला होत्या.

आक्का माझी थोरली बहीण. आष्टी तालुक्यात एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस आहे. वडिलांनी तिचं नाव मोठ्या हौसेनं ठेवलं होतं, बुद्धाच्या काळातल्या एका भिक्खुणीचं. शाळेत घालायला नेलं तेव्हा हेडमास्तर हसले आणि म्हणाले, “एवढं भारी नाव कशाला रे तुमच्यात?” जन्म कुठल्या वारी झाला ते विचारून त्यांनी वारावरून एक नाव दाखल्यावर चढवलं. वडिलांना वाचता येत नव्हतं. घरी आल्यावर शेजारच्या कुणीतरी दाखला वाचून दाखवला. पुढं लग्नात, रेशन कार्डावर, अंगणवाडीच्या नेमणुकीवर तेच वाराचं नाव लागलं. वडिलांनी ठेवलेलं नाव त्यांच्याबरोबर गेलं.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर बायकोला दिवस गेले. तेव्हा आक्काचा फोन आला. “पोरगी झाली तर नाव मी ठेवणार. माझं ते नाव वाया चाललंय. तिला देते.” नाव ठेवायचा मान आत्याचा असतोच, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो, हेही इथं सांगायला हवं, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी काउंटरवरच्या सिस्टरनं जन्मनोंदीचा फॉर्म पुढं केला. नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो, बारशानंतर भरा, असं ती स्पष्ट म्हणाली होती. त्याच वेळी काकू बायकोसाठी गरम शिऱ्याचा डबा घेऊन आल्या. तीन दिवस त्या आमच्यासाठी राबत होत्या. माझ्या खांद्याशी उभं राहून त्यांनी फॉर्मात पाहिलं आणि विचारलं, “काय ठरलंय मग नाव?”

आक्काचं नाव ऐकलं की ऐकणाऱ्याला आमचं घर कळतं. मी पेन उचललं आणि त्या रकान्यात दुसरंच एक नाव लिहिलं. त्या वर्षी निम्म्या गेवराईनं आपल्या पोरींचं ठेवलं असेल, असं. काकू म्हणाल्या, “गोड हाय.” सिस्टरनं फॉर्म घेतला. पाच मिनिटांचं काम होतं.

बारसं आक्काच्या गावी झालं. त्रिशरण, पंचशील झालं, खीर झाली. आक्का पांढरी साडी नेसली होती. पाळण्यावर वाकून तिनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, तशा बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती इतकी हसली की खोकला लागला. मी बाजूला उभा होतो. दोन आठवड्यांपूर्वी मी काय लिहिलंय ते त्या मांडवात एकट्या मला माहीत होतं.

जन्मदाखला हातात आल्यावर बायकोला कळलं. ती ओरडली नाही. “आक्कांना सांगा,” एवढंच म्हणाली. मी म्हणालो, पुढच्या खेपेला सांगतो. पुढची खेप सहा वर्षं आली नाही. तोवर मी एक सोय करून ठेवली होती. घरात, गल्लीत, बालवाडीत सगळ्यांनी पोरीला लाडाच्या नावानं हाक मारायची. लाडाच्या नावाला जात नसते. आक्का तेवढी फोनवर आपण ठेवलेल्या नावानं हाक मारायची, आणि पोरगी लगेच ओ द्यायची. तिला त्यात काही अडचण नव्हती. सगळी अडचण माझी होती.

पहिलीच्या प्रवेशाला आक्का मुद्दाम आली. मी नको म्हणत होतो. नवा फ्रॉक घेऊन, पहाटेची एसटी पकडून आली. हेडसरांनी दाखला हातात घेऊन नाव मोठ्यानं वाचलं आणि रजिस्टरात लिहायला घेतलं.

आक्का म्हणाली, “सर, कुण्या दुसऱ्या पोरीचा कागद वाचायलात तुमी.”

सरांनी दाखला तिच्यापुढं फिरवला. तिनं आईचं नाव वाचलं, बापाचं वाचलं, जन्मतारीख वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टराकडं पाहत होतो. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि प्रवेश पूर्ण होईपर्यंत पोरीचा हात धरून उभी राहिली.

स्टँडवर गाडीची वाट बघताना मी बोलायला सुरुवात केली. काकू, खोली, नोकरी, लोक, सगळं सांगत गेलो. तिनं ते ऐकून घेतलं. गाडी लागली तेव्हा म्हणाली, “माझ्या टायमाला मास्तर परका व्हता, बापू.”

त्यानंतर आक्कानं पोरीला नावानं हाक मारणं सोडलं. फोन यायचा, चौकशी व्हायची, सणाला चिवडा यायचा. पण “बाय कुठं हाय? बायला दे,” एवढंच. एकदा पोरीनं मला विचारलं, “आत्या माझं नाव विसरली का?” मी म्हणालो, नाही, ती म्हातारी होत चाललीय. हे दुसरं खोटं.

मग मी नाव बदलायच्या मागे लागलो. मला वाटलं होतं, अर्ज दिला की होईल. पालिकेतला जन्म-मृत्यू नोंदीचा कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, रकाना रिकामा असता तर आज, आत्ता भरून दिलं असतं. पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. भरलेला रकाना बदलता येत नाही. चूक असेल तर दुरुस्ती होते. “लिहिताना चूक झाली, असं दवाखान्याचं पत्र आणा,” तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, “चूकच झाली ना?”

मी हो म्हणालो आणि दवाखान्यात गेलो. काय मागायला चाललो होतो ते मला कळत होतं. रेकॉर्डच्या खोलीतल्या बाईंनी तासाभरानं जुना फॉर्म शोधून टेबलावर ठेवला. “हे आमच्याकडच्या कुणी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “अक्षर तुमचं हाय का?” माझं अक्षर चांगलं आहे. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो. त्या फॉर्मावरही तसंच होतं, एकेक अक्षर सुटं, ठळक, कुठं खाडाखोड नाही. नजरचुकीनं असं कुणी लिहीत नाही. मी पत्र मागितलंच नाही.

उरलं राजपत्र, म्हणजे बदललेलं नाव सरकारी गॅझेटमध्ये छापून घेणं. कोर्टासमोरच्या टायपिस्टनं प्रतिज्ञापत्र केलं, ऑनलाइन केंद्रातल्या मुलीनं अर्ज भरला. दोनदा परत आला. एकदा फोटो पुसट म्हणून, एकदा बायकोचं नाव आधार कार्डाशी जुळेना म्हणून. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा, तीच रांग, “साहेब जेवायला गेलेत,” आणि उद्या या. मी खिडकीपलीकडच्या माणसांवर चिडायचो, आणि चिडता चिडता आठवायचं की यांनी काहीच केलेलं नाही. अर्जात नाव बदलण्याचं कारण विचारलं होतं. केंद्रातली मुलगी म्हणाली, “वैयक्तिक टाकते, सगळे तेच टाकतात.” मी म्हणालो, टाक.

राजपत्र निघालं. ते घेऊन मी धावत पालिकेत गेलो. कारकून म्हणाला, “छान. आता हे दाखल्याला जोडून ठेवायचं. दाखला तसाच राहतो.” शाळेतही तेच झालं. सरांनी जुन्या नावाच्या वर लाल शाईनं नवं लिहिलं, पण जुनं खाली नीट वाचता येत होतं. पाच मिनिटांत लिहिलेलं पुसायला मी वर्ष घालवलं, आणि ते पुसलं गेलं नाही. फक्त त्याच्यावर एक कागद आला.

तो कागद घेऊन आक्काच्या गावी गेलो. ती अंगणवाडीच्या पायरीवर मटकी निवडत होती. हात झटकून तिनं कागद घेतला, बोट फिरवत वाचला. राजपत्रात आधी जुनं नाव छापतात, मग नवीन. तिचं बोट थांबलं.

“नवीन नाव,” ती म्हणाली. “माझ्या बापानं ठेवलेलं. हे नवीन व्हय?”

मी म्हणालो, ती छापायची पद्धत आहे.

“आसंल.” तिनं घडी घालून कागद मला परत दिला. “तुज्या घरमालकिणीला सांगितलं का?”

मी कागद खिशात ठेवला.

“मंग ह्यो कागद कुणासाठी आणलास?” ती म्हणाली आणि पुन्हा मटकी निवडायला लागली. निघताना तिनं डबा दिला. म्हणाली, “बायला दे.”

परत आल्यावरही महिनाभर मी काकूंना काही सांगितलं नाही. आज सांगतो, उद्या सांगतो. शेवटी ते माझ्या धाडसानं घडलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. तिसरीची पुस्तकं आली तेव्हा बायकोनं पोरीकडून सगळ्या वह्यांवर राजपत्रातलं नाव लिहून घेतलं. त्यातली एक वही पोरगी खेळता खेळता काकूंच्या ओट्यावर विसरली. मी कॉलेजातून आलो तर काकू ती हातात घेऊन उभ्या होत्या. “ही कुण्या पोरीची वही आली बघा आपल्याकडं,” त्या म्हणाल्या.

“आमच्याच पोरीची हाय,” मी म्हणालो. “तिच्या आत्यानं ठेवलेलं नाव हाय ते. आमी बौद्ध आहोत, काकू. पहिल्या दिवशीच सांगायला पायजे होतं.”

काकूंनी वही पुन्हा पाहिली. “आस्सं,” म्हणाल्या, ती ओट्यावर ठेवली आणि आत गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. ती कडी त्या रोज लावतात. तरी मी तिथंच उभा राहिलो.

वर आलो. बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “हेच तेव्हा बोलला असता तर कुठलाच कागद लागला नसता.” मग थोड्या वेळानं, “दुसरी खोली बघावी लागली तर बघू.”

मी आक्काला फोन लावला. काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, वहीचंही, म्हणजे मी आपणहून बोललो असं तिला वाटू नये. मग ती म्हणाली, “तिला फोन दे.” बायला म्हणाली नाही, दुसरं काहीही म्हणाली नाही.

मी फोन पोरीच्या कानाला लावला. आक्का काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. पोरगी गृहपाठातून मान वर न करता म्हणाली, “ओ.”