मोनी बेटापाशी आईचा डबा कुणी सोडला?

आधीच कबूल करते, मी या ग्रुपवर फक्त लोकांच्या खोड्या काढायला येते. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कुणी लिहिलं, की खाली माझी कमेंट ठरलेली — "हेडलाइट नीट चालू होता का?" अ‍ॅडमिननी मला समजही दिली आहे. त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर काही जणांना उकळ्या फुटणार. फुटू देत.

आमचं घर बौद्ध. नवस नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. त्यात आई सरकारी दवाखान्यात नर्स. गारगोटीकडच्या खेड्यांत तिची सगळी नोकरी झाली. साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे फिरवून मग दवाखान्यात आणलं, की आई सलाइन लावता लावता नातेवाइकांना असं झापायची की पेशंटसुद्धा दचकून डोळे उघडायचा. लहानपणी मला चिंचेच्या झाडाची भीती वाटायची, तर तिनं मला त्याच झाडाखाली अभ्यासाला बसवलं होतं. ही गोष्ट याच बाईची आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

मी कोल्हापुरात घरून काम करते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. गेल्या सप्टेंबरात आमच्या क्लायंटनं ट्रेनिंगसाठी अथेन्सला बोलावलं. बाबा गेल्यापासून आई घरात एकटीच असते, म्हटलं तूही चल. "मी तिथं येऊन काय करू? मला त्येंची भाषा येती व्हय?" असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भडंगाच्या तयारीला लागली.

ट्रेनिंग संपल्यावर एक दिवस मोकळा होता. अथेन्सच्या बंदरातून फेरीनं तासाभरावर एजिना नावाचं बेट आहे. त्याच्या एका टोकाला पेर्दिका हे कोळ्यांचं गाव. तिथून एक शिडाची बोट पाच-सहा माणसांना घेऊन बेटाच्या कडेकडेनं दिवसभर फिरवून आणते. मध्ये पोहायला थांबतात, जेवण बोटीवरच. मी दोन जागा बुक केल्या.

कॅप्टनचं नाव यानिस. पन्नाशीचा, सुटलेलं पोट, झुपकेदार मिशा. आईनं त्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ह्यो तर आपल्या तालमीतला वस्तादच दिसालाय." बोटीवर चढताना सगळ्यांनी चपला काढून टोपलीत टाकायच्या होत्या. तेव्हाच आईनं निकाल दिला, "घरात चपला घालून हिंडत न्हाईत. चांगली माणसं हायत." आमच्याबरोबर एक रिटायर्ड जर्मन जोडपं होतं — हेल्गाबाई आणि त्यांचा सदा पेंगणारा नवरा. शिवाय नुकतंच लग्न झालेलं एक इटालियन जोडपं, त्यांना जगाचं भान नव्हतं. अर्ध्या तासात आईनं सगळ्यांच्या हातावर भडंग ठेवलं. कॅप्टननं तिखटानं डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

इंजिन बंद करून शीड वर चढवलं तसं सगळं एकदम शांत झालं. आई कठड्याला धरून पाण्यात बघत होती.

"सुजे, तळ दिसालाय गं," ती म्हणाली. त्यानंतर बराच वेळ काहीच बोलली नाही. आईचं गप्प बसणं आमच्या घरात धोक्याचं समजतात.

पेर्दिकासमोर मोनी म्हणून एक छोटं बेट आहे. वस्ती नाही, नुसती झाडं आणि हरणं. आणि चक्क मोर! किनाऱ्यावर कोंबड्यांसारखे फिरत होते. "इतक्या लांब येऊन मोरच बघायचं व्हय?" आई म्हणाली. कॅप्टननं तिथं नांगर टाकला, इटालियन जोडप्यानं हातात हात घालून उडी मारली, आणि आईनं ओढणी कमरेला खोचली.

"मी उतरतो."

(आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी येतो’च म्हणतात. नवीन वाचकांसाठी सांगितलं.)

"कुठं उतरतेस?"

"पान्यात."

मी हसले. मग तिचं तोंड बघून माझं हसू गेलं. पासष्टीला आलेली बाई, बीपीची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात. माझ्या उभ्या जन्मात मी तिला रंकाळ्याच्या पाण्यात पाय बुडवून बसलेलंसुद्धा बघितलेलं नाही. मी म्हटलं, "तुला पोहायला येतं कुठं?"

"येतंय. डबा बांधून येतंय."

आणि तिथं, त्या बोटीवर, तिनं मला आजवर कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"आमच्या लोकास्नी तवा गावच्या हिरीत उतरू देत न्हवती. मग दादा मला दगडाच्या खाणीवर न्यायचा. पावसाचं पाणी साठून डोह झालता तिथं." दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझा आनंदामामा. तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, दोरानं पोरीच्या पाठीवर बांधायचा आणि द्यायचं ढकलून. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे ठाऊक असेल. पण मामाची एक रीत होती. पोर तयार झालं असं वाटलं, की ते पोहत असताना तो मागून गुपचूप जायचा आणि डबा सोडायचा. सांगायचा नाही. पलीकडच्या काठाला लागून पाठीवर हात फिरवला की पोराला कळायचं, आपण डब्याशिवाय आलो. त्या दिवसापासून पोहता येतं म्हणायचं, त्याआधी नाही.

"माझा सोडायचा ऱ्हायला," आई म्हणाली. "फुडच्या उन्हाळ्यात सोडतो, म्हणलावता. शब्द दिलता त्यानं."

तो उन्हाळा आलाच नाही. मामा इचलकरंजीला मागावर कामाला गेला, आई नर्सिंगच्या ट्रेनिंगला. मग लग्न, ड्युटी, आम्ही पोरं. मला मामा आठवतो तो केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेला, खोकणारा. मी दुसरीत असताना तो गेला. त्यानंतर आई पाण्याजवळ फिरकली नाही.

"एकदाच उतरू दे गं सुजे."

माझी आई माझ्याकडे कधी काही मागत नाही. मागितलं तर हुकूम सोडते. तिनं असं हळू आवाजात मागितलं म्हणून तर मी जास्तच घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. "अजिबात नाही!" इतक्या जोरात ओरडले की पेंगणारे जर्मन आजोबा जागे झाले.

कॅप्टननं विचारलं, काय झालं? मी सगळं भाषांतर करून सांगितलं, माझी बाजू घेईल या आशेनं. तो आत जाऊन लाइफ जॅकेट घेऊन आला! आईनं ते घातलं तर ते वर सरकून तिच्या कानाला लागलं. "काढ काढ, मी काय बैल हाय व्हय, गळ्यात जू घालायला?" जॅकेट काढता काढता तिची नजर स्वयंपाकाच्या ओट्याखाली गेली. तिथं ऑलिव्ह तेलाचा पाच लिटरचा रिकामा पत्र्याचा डबा होता. घट्ट झाकणाचा, वर कडी असलेला.

आईनं तो उचलून छातीशी धरला. काय तो चेहरा! सगळे हसायला लागले, मीसुद्धा. मग मला नाही म्हणता येईना.

कॅप्टननं स्वतः बांधला. कडीतून दोर ओवून तिच्या छातीभोवती घेतला आणि गाठ मागे, पाठीवर मारली. आई "अगं आई गं, मारतोस काय" म्हणेपर्यंत ओढली. मला म्हणाला, "वादळात मी माझी बोट याच गाठीनं बांधतो." मग तो बुडत्याला फेकायची रिंग हातात घेऊन बोटीच्या टोकाला उभा राहिला, आणि आम्ही मायलेकी शिडीवरून उतरलो.

"आई गं, गार हाय!" मग तोंडात पाणी गेलं. "मीठ जास्त झालंय."

आणि आई पोहायला लागली. मान वर, हात पुढे टाकून बाजूला सारत, अगदी सावकाश. पाठीवर पत्र्याचा डबा चमकत होता. मला रडू येत होतं आणि हसूही. किनारा समोरच होता, शाळेच्या मैदानाएवढं अंतर. मी तिच्या अगदी अंगाला अंग लावून पोहत होते, तर म्हणाली, "लांब हो की जरा, पाय लागालेत तुझं." मी थोडी मागे राहिले. माझ्या पोहायच्या गॉगलवर वाफ धरली होती. तो काढला, पाण्यात खळबळला, परत लावला.

वर बघते तर आईच्या पाठीवर डबा नाही.

मी किंचाळले. "आई! डबा!" तिला ऐकूच गेलं नाही. ती आपली सरळ किनाऱ्याकडे चाललेली, आधीपेक्षा वेगात. मी जीव खाऊन हात मारले, मी म्युनिसिपालिटीच्या टँकमध्ये रीतसर शिकलेली, तरी तिला गाठता येईना. तिचे पाय गोट्यांना लागले, ती उभी राहिली. वळली. माझं तोंड बघून तिचा हात आपोआप पाठीवर गेला. एकदा या खांद्यावरून, एकदा त्या खांद्यावरून चाचपलं. मग ती तिथंच गुडघाभर पाण्यात फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, रडता रडता परत हसायला. बोटीवरून टाळ्या वाजत होत्या. बाजूला एक मोर ओरडत होता.

डबा माझ्या मागेच तरंगत होता. कॅप्टनच्या त्या वादळी गाठीला शिव्या देत मी तो काखेत मारला. थोड्या वेळानं आम्ही बोटीवर परत आलो. आई येताना तशीच पोहत आली, डब्याशिवाय, आणि मला एक अक्षर बोलू दिलं नाही.

कॅप्टननं माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाला, "दोर गुंडाळलास ते बरं केलंस. पण पाण्यात कशाला एवढी खटपट?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दोर लोंबत नव्हता. डब्याच्या पोटाभोवती वेढ्याला वेढा लावून गच्च गुंडाळलेला होता, आणि शेवटचं टोक वेढ्याखाली खोचलेलं.

मी गुंडाळला नव्हता.

इटालियन जोडपं बोटीच्या दुसऱ्या बाजूला होतं. जर्मन आजोबा परत झोपलेले. कॅप्टन जागचा हललेला नव्हता. हेल्गाबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या, तो सगळ्यांनी मिळून पाहिला. आई पोहते आहे, पाठीवर डबा आहे, मागे मी गॉगलशी झगडते आहे. नेमका तेव्हाच हेल्गाबाईंना मोर दिसला! कॅमेरा मोराकडे जातो, परत येतो, आणि डबा नाही. तिच्या आसपास कुणीही नाही. तो मोर मी जन्मात विसरणार नाही.

आई टॉवेलनं केस पुसत आली. डबा बघितला आणि तिचा हात थांबला. वेढ्यांवरून बोटं फिरवली. "कुनी गुंडाळला ह्यो?"

कॅप्टननं माझ्याकडे बोट दाखवलं, मी नाही म्हणून मान हलवली.

"दादा असाच गुंडाळायचा," ती म्हणाली. "दोर म्हशीचा हुता. हरवला तर आईचा मार बसायचा. म्हनून पोराचा डबा सोडला की त्यो पयला दोर गुंडाळायचा, आनि मग पोराकडं बघायचा."

"आई, तू म्हणतेस की—"

"मी काय बी म्हनत न्हाय. भुतं नसत्यात." तिनं डबा मांडीवर घेतला. खोचलेलं टोक अंगठ्यानं दाबून बघत म्हणाली, "शब्दाचा पक्का हुता पर दादा."

मग कॅप्टननं मासे भाजले, टोमॅटो कापले. आई पोटभर जेवली आणि शिडाच्या सावलीत उशाशी डबा घेऊन झोपली. इतकी शांत झोपलेली मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. उतरताना कॅप्टननं डबा तिलाच देऊन टाकला.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. ओला दोर सैल झाला असेल? मी कॅप्टनकडून ती गाठ शिकून आले, टँकवर तसाच डबा माझ्या पाठीवर बांधून घेतला, वाटेल तेवढे हातपाय मारले. सुटली नाही. आणि सुटली असती तरी गुंडाळला कुणी? आईनंच? पोहता पोहता, पाठीमागे हात नेऊन? मी? माझ्या हातात गॉगल होता. कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा. हेडलाइटवरून टोमणे मारले तरी चालतील, तेवढा हक्क आहे तुमचा.

डबा आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे. दोर तसाच. आई कुणाला हात लावू देत नाही, धूळसुद्धा स्वतः पुसते.

आणि हो, तिनं टँकवर बायकांच्या बॅचला नाव घातलंय. पहिल्या दिवशी शिकवणारी मुलगी पाठीवर बांधायचा फ्लोट घेऊन आली. "मावशी, नवीन आहात ना, हे बांधून घ्या."

आईनं तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि परत दिला.

"नको बाळ. माझा डबा सुटलाय."